रेचल कार्सन यांना न मिळालेले उत्तर

१९६० साल उजाडले तेव्हा रेचल कार्सन यांच्या टेबलावर कर्करोगावरच्या शोधनिबंधांची चळत होती. कीटकनाशकांच्या परिणामांवरचे त्यांचे पुस्तक निम्म्याहून पुढे सरकले होते आणि त्यातल्या कर्करोगाविषयीच्या प्रकरणांवर काम चालू होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले डॉ. विल्हेल्म ह्यूपर यांच्यासारख्या तज्ज्ञांकडून त्या माहिती घेत होत्या, पेशींच्या श्वसनाविषयीचे ऑटो वॉरबर्ग यांचे संशोधन समजून घेत होत्या. निरोगी पेशी बिघडते कशी, हे सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत त्यांना मांडायचे होते. नेमक्या त्याच दिवसांत त्यांना डाव्या स्तनात गाठी लागल्या.

एप्रिलमध्ये वॉशिंग्टनमधल्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी असे सगळे काढून टाकणारी ती मोठी शस्त्रक्रिया होती. शुद्धीवर आल्यावर कार्सन यांनी सर्जनला सरळ विचारले, की हा कर्करोग आहे का. उत्तर मिळाले ते असे, की स्थिती कर्करोगाच्या सीमेवरची होती आणि पुढे कोणत्याही उपचाराची गरज नाही. हे खरे नव्हते. गाठ कर्करोगाचीच होती आणि ती काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोचली होती. त्या काळी अमेरिकेत कर्करोगावर सर्वाधिक वाचन असलेल्या सामान्य नागरिकांत जिची गणना झाली असती, तिला स्वतःच्या कर्करोगाची बातमी आठ महिने मिळाली नाही.

कार्सन यांचे आयुष्य एरवी सांगितले जाते ते ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकासाठी, डीडीटीवरच्या बंदीसाठी आणि पर्यावरण चळवळीसाठी. पण आजार झालेल्या माणसाला स्वतःच्या आजाराविषयी काय कळायला हवे, कुणाकडून आणि कधी, या प्रश्नासाठीही ते आज पुन्हा पाहण्यासारखे आहे. कारण आता हा प्रश्न रुग्ण डॉक्टरांच्या आधी मोबाइलमधल्या चॅटबॉटला विचारू लागला आहे.

पेनसिल्व्हेनिया राज्यात अ‍ॅलेगेनी नदीकाठच्या स्प्रिंगडेल गावी २७ मे १९०७ रोजी त्यांचा जन्म झाला. आई मारिया हिला निसर्गाचे आणि वाचनाचे वेड होते, तेच मुलीत उतरले. लहानपणीच त्यांच्या गोष्टी मुलांच्या मासिकात छापून आल्या. कॉलेजात त्या इंग्रजी साहित्य शिकायला गेल्या होत्या. मेरी स्किंकर या प्राध्यापिकेच्या शिकवण्याने त्या जीवशास्त्राकडे वळल्या. समुद्रावर पुढे तीन पुस्तके लिहिणाऱ्या या बाईंनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो १९२९ साली, वूड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी प्राणिशास्त्राची एम.ए. पदवी घेतली. पीएच.डी. करायची होती, पण महामंदीने घर अडचणीत आणले. १९३५ मध्ये वडील गेले, दोन वर्षांनी थोरली बहीण गेली आणि तिच्या दोन मुलींची जबाबदारी कार्सन आणि त्यांच्या आईवर आली.

पोटासाठी त्यांनी सरकारी मत्स्य विभागात काम धरले. तिथले पहिले काम होते रेडिओसाठी समुद्री जीवांवर छोट्या संहिता लिहिण्याचे. शास्त्रज्ञांना लिहिता येत नव्हते आणि लेखकांना मासे कळत नव्हते. कार्सन यांना दोन्ही जमले. पंधरा-सोळा वर्षांच्या सरकारी नोकरीत त्या विभागाच्या प्रकाशनांच्या मुख्य संपादक झाल्या. १९५१ मध्ये ‘द सी अराउंड अस’ आले आणि दीड वर्षाहून अधिक काळ खपाच्या यादीत राहिले. त्याला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. पुढच्याच वर्षी नोकरी सोडून त्यांनी पूर्णवेळ लेखन सुरू केले. अवघड विज्ञान सोपे करून सांगणे, आणि सोपे करताना खोटे न होऊ देणे, ही त्यांची खासियत होती.

दरम्यान १९५० मध्ये त्यांच्या स्तनातली एक गाठ काढण्यात आली होती. काळजीचे कारण नाही, असे तेव्हा सांगितले गेले. कार्सन पुन्हा कामाला लागल्या. १९५७ मध्ये भाची मार्जोरी वारली आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर याला कार्सन यांनी दत्तक घेतले. वय पन्नास, घरात म्हातारी आई आणि लहान मूल. १९५८ मध्ये ओल्गा हकिन्स या परिचित बाईंच्या पत्राने डीडीटी फवारणीनंतर मेलेल्या पक्ष्यांचा विषय त्यांच्यासमोर आला. त्याच वर्षअखेरीस आई गेली. पुस्तकाचे काम या सगळ्यातून चालू राहिले.

सर्जनने त्यांना खरे का सांगितले नाही? तो काही विक्षिप्त माणूस नव्हता. त्या काळची रीतच ती होती. १९६१ मध्ये शिकागोच्या एका रुग्णालयातल्या २१९ डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातले जवळपास ९० टक्के डॉक्टर कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याच्या मताचे होते. रुग्ण हाय खाईल, आशा सोडेल, हे त्यामागचे कारण. सांगायचेच झाले तर नातेवाइकाला, बाईच्या बाबतीत बहुधा नवऱ्याला. कार्सन अविवाहित होत्या. त्यांच्या घरात त्यांच्याहून मोठे कुणी उरले नव्हते.

नोव्हेंबर १९६० च्या सुमारास छातीच्या फासळीजवळ टणक सूज दिसली तेव्हा त्यांचा वॉशिंग्टनमधल्या आश्वासनांवरचा विश्वास उडाला. त्यांनी क्लीव्हलंड क्लिनिकच्या डॉ. जॉर्ज क्राइल ज्युनियर यांना गाठले. क्राइल त्यांच्या ओळखीचे होते, आणि त्या काळच्या शल्यचिकित्सकांत ते बंडखोर समजले जात. स्तनाच्या प्रत्येक कर्करोगाला तीच प्रचंड शस्त्रक्रिया कशाला, असे ते जाहीरपणे विचारत. १९५५ मध्ये त्यांनी ‘कॅन्सर अँड कॉमन सेन्स’ हे पुस्तक लिहिले होते, तेही सामान्य लोकांसाठी. कर्करोगाच्या आंधळ्या भीतीने रोगाइतकेच नुकसान होते, लोकांना घाबरवण्यापेक्षा समजावून सांगा, हा त्याचा रोख. यासाठी सहव्यावसायिकांचा रोषही त्यांनी ओढवून घेतला होता.

क्राइल यांनी कागदपत्रे पाहिली आणि कार्सन यांना सगळे सांगितले. एप्रिलमध्येच कर्करोग होता, तो पसरलेला होता, आणि आता रेडिएशन द्यायला हवे. ही बातमी वाईटच होती. तरी आपल्याला विचार करू शकणारी प्रौढ व्यक्ती म्हणून वागवल्याबद्दल कार्सन यांनी क्राइल यांचे मनापासून आभार मानले. १९६१ च्या सुरुवातीला रेडिएशन सुरू झाले. आठ महिने आधी ते मिळाले असते तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. त्या काळच्या उपचारांच्या मर्यादा मोठ्या होत्या. पण निर्णय घेण्याची संधी त्यांच्याकडून काढून घेतली गेली होती, हे निश्चित.

आता हाच प्रसंग आजच्या काळात आणून पाहू. शस्त्रक्रियेनंतर घरी आलेली बाई चॅटबॉटला विचारते, की स्तन काढला आहे, डॉक्टर म्हणाले कर्करोगाच्या सीमेवरची गाठ होती, पुढे उपचार नको, याचा अर्थ काय? यंत्र सीमेवरच्या गाठी म्हणजे काय हे नीट, शांत भाषेत समजावेल. माहिती अचूक असेल आणि तरी त्या बाईच्या उपयोगाची नसेल, कारण प्रश्नातच खोटे शिरलेले आहे. चॅटबॉट म्हणजे अफाट मजकुरावर शिकवलेले, पुढचा शब्द कोणता यावा याचा अंदाज बांधत उत्तर रचणारे यंत्र. त्याने गाठ चाचपलेली नसते, काचपट्टीवरच्या पेशी पाहिलेल्या नसतात. त्याच्यापुढे असते ते फक्त रुग्णाने लिहिलेले. एखादा चांगला चॅटबॉट कदाचित एवढे विचारेलही, की गाठ सीमेवरची असताना इतकी मोठी शस्त्रक्रिया का केली, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मागून घेतला का? कार्सन यांना एप्रिल १९६० मध्ये असे विचारणारे कुणीही मिळाले नाही, हेही खरे.

सर्वसाधारण माहितीत ही यंत्रे बरी आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने कर्करोगाविषयीच्या गैरसमजांची एक यादी केली आहे: साखर खाल्ल्याने कर्करोग वाढतो का, तो संसर्गाने होतो का, वगैरे. यूटा राज्यातल्या संशोधकांनी त्यातले १३ प्रश्न चॅटजीपीटीला विचारले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तपासणीत सुमारे ९७ टक्के उत्तरे अचूक ठरली. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या काढ्यांच्या आणि सोड्याच्या सल्ल्यांपुढे हे केव्हाही चांगले.

प्रश्न उपचारांकडे वळला की चित्र बदलते. त्याच वर्षी बोस्टनमधल्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलच्या संशोधकांनी स्तन, प्रोस्टेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या उपचारांविषयी १०४ प्रश्न चॅटजीपीटीच्या तेव्हाच्या आवृत्तीला विचारले. बहुतेक सगळ्या उत्तरांत एखादा तरी मान्यताप्राप्त उपचार होता. पण सुमारे एक तृतीयांश उत्तरांत मार्गदर्शक सूचनांत न बसणारे काहीतरी मिसळलेले होते, आणि साधारण आठातल्या एका उत्तरात चक्क कुठल्याच सूचनेत नसलेला उपचार होता. बरोबर आणि चूक एकाच सुरात, एकाच परिच्छेदात. कर्करोगतज्ज्ञांनाही तो भेद पकडायला लक्ष द्यावे लागले. घाबरलेल्या रुग्णाने तो कसा पकडायचा? आणखी एका अभ्यासात चार चॅटबॉटांची उत्तरे तपासली तेव्हा माहिती चांगली निघाली, पण तिची भाषा कॉलेज शिकलेल्या वाचकाला झेपेल अशी होती. आता यंत्रांच्या नव्या आवृत्त्या आल्या आहेत आणि त्या सुधारल्याही आहेत. पण ठाम सुरात चुकण्याची खोड पूर्ण गेलेली नाही.

माणसे यंत्रापाशी मन मोकळे करतात, हे मात्र नवे नाही. कार्सन यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९६६ मध्ये, एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ हा पहिला गाजलेला संवादी प्रोग्राम प्रसिद्ध केला. तो समोरच्याचेच बोलणे उलटवून प्रश्न करी, बाकी त्याला काही कळत नसे. तरी वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितले. रात्री दोन वाजता रिपोर्टचा फोटो काढून चॅटबॉटला पाठवणाऱ्या रुग्णाची मनःस्थिती याहून फार वेगळी नसते. तिथे कुणी घाईत नसते, मूर्ख प्रश्न विचारल्याचा संकोच नसतो.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक पदर आहे. केबिनबाहेर डॉक्टरांना गाठून त्यांना काही सांगू नका, असे विनवणारे मुलगे आणि सुना इथल्या कर्करोगतज्ज्ञांच्या रोजच्या ओळखीचे. घरचे आजही प्रेमापोटी तेच करतात, जे १९६० मध्ये अमेरिकेतले डॉक्टर करत. फरक असा, की रिपोर्टवरचे ‘कार्सिनोमा’ हे अक्षर आता मोबाइलमध्ये टाकले की मराठीत अर्थ मिळतो. लपवलेले फार दिवस लपत नाही. ते कळते तेव्हा रुग्ण एकटा असतो, आणि आपल्याला फसवले गेले हेही त्याच क्षणी कळते.

म्हणून चॅटबॉट वापरायचाच तर आधी रिपोर्ट स्वतःच्या हातात हवा. त्यावरचे नाव, फोन आणि रुग्णालयाचा क्रमांक झाकून मग त्यातले शब्द समजावून घ्यावेत: गाठीचा प्रकार कोणता, काखेतल्या किती ग्रंथी तपासल्या आणि त्यातल्या किती बाधित, कडा मोकळ्या आहेत का, हार्मोन रिसेप्टरचा निकाल काय. यंत्राचा सर्वांत चांगला उपयोग पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी करून घेण्याचा. त्याच्या सांगण्यावरून औषध बंद करणे किंवा बदलणे धोक्याचे आहे. आणि रुग्ण किती जाणू इच्छितो हे घरच्यांनी परस्पर ठरवण्यापेक्षा त्यालाच विचारलेले बरे. काहींना सगळे हवे असते, काहींना थोडे थोडे, काहींना नको असते.

कार्सन यांना सगळे हवे होते. १९६१ हे साल त्यांनी आजारांच्या रांगेत काढले. रेडिएशनचा थकवा, पायांच्या शिरांची आणि सांध्यांची दुखणी, मग डोळ्यांचा दाह, ज्यामुळे काही आठवडे वाचताही येईना. हस्तलिखित दुसऱ्याकडून वाचून घेऊन त्या दुरुस्त्या करत राहिल्या. वेळ कमी आहे हे ठाऊक असल्याने कामाचा क्रम ठरवता आला: आधी हे पुस्तक, बाकी सगळे नंतर.

जून १९६२ मध्ये ‘न्यू यॉर्कर’मध्ये त्यातला मजकूर क्रमशः आला आणि २७ सप्टेंबरला ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रकाशित झाले. कर्करोगावरच्या प्रकरणात चिमण्या साफ करणाऱ्यांचा उल्लेख येतो. काजळीचा आणि कर्करोगाचा संबंध १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या इंग्रज सर्जनने दाखवला होता. रोग झाल्यावर औषध शोधण्याइतकेच तो होऊ न देण्यावर लक्ष द्या, हा त्या प्रकरणाचा आग्रह आहे. त्यात लेखिकेच्या आजाराचा उल्लेख शोधूनही सापडत नाही. तो मुद्दाम टाळलेला होता. रसायन उद्योग तुटून पडणार हे त्यांना माहीत होते, आणि कर्करोग झालेली बाई कीटकनाशकांवर राग काढते आहे, असे म्हणायची संधी त्यांना द्यायची नव्हती. पुस्तकातला पुरावा पुराव्याच्या बळावर उभा राहायला हवा होता. स्वतःबद्दलचे सत्य मिळवायला झगडलेल्या कार्सन यांनी ते जगापासून लपवले, यात विसंगती वाटू शकते. पण कुणाला सांगायचे हे ठरवण्याचा हक्क रुग्णाचा असतो, आणि इथे तो त्यांनीच वापरला. मोजक्या स्नेह्यांखेरीज कुणाला काही कळले नाही.

हल्ले झालेच. एका कंपनीने प्रकाशकाला न्यायालयाची धमकी दिली, कीटकनाशकांविना जगाचे भयानक चित्र रंगवणारी विडंबने छापली गेली. एप्रिल १९६३ मध्ये सीबीएस वाहिनीवरच्या कार्यक्रमात देशाने एक शांत, मोजके बोलणारी बाई पाहिली. मे महिन्यात अध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीचा अहवाल बाहेर आला आणि त्याने कार्सन यांच्या मुख्य मुद्द्यांना दुजोरा दिला. ४ जूनला त्यांनी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. तेव्हा कर्करोग हाडांपर्यंत पोचला होता. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भाषणासाठी गेल्या तेव्हा चालणे अवघड झाले होते. विचारणाऱ्यांना संधिवाताचे कारण सांगितले गेले.

याच वर्षाच्या सुरुवातीला क्राइल यांची पत्नी जेन स्तनाच्या कर्करोगानेच वारली होती. त्यानंतरही क्राइल आणि कार्सन यांचा पत्रव्यवहार चालू राहिला: नवी दुखणी, उपचारांच्या शक्यता, काय करण्यात अर्थ आहे आणि कशात नाही. उत्तरे क्राइल यांच्याकडून सरळ मिळत.

१९६४ च्या वसंतात क्लीव्हलंडमध्ये शेवटचा उपचार झाला. १४ एप्रिलला मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथे राहत्या घरी त्यांचे निधन झाले. वय ५६. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली ती १९७२ मध्ये. आणि शिकागोत विचारला गेलेला प्रश्न १९७९ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातल्या डॉक्टरांना पुन्हा विचारला गेला तेव्हा ९७ टक्के डॉक्टरांनी निदान रुग्णाला सांगण्याच्या बाजूने कौल दिला. अठरा वर्षांत उत्तर उलटे फिरले होते.

जाण्यापूर्वी कार्सन यांनी बरीच आवराआवर करून ठेवली होती. कागदपत्रे येल विद्यापीठाला, मालमत्तेतला वाटा निसर्गरक्षणाच्या दोन संस्थांना. बारा वर्षांच्या रॉजरला त्यांचे संपादक पॉल ब्रूक्स यांच्या घरी आसरा मिळाला. अस्थींचा अर्धा भाग आईच्या शेजारी पुरला गेला. उरलेला त्यांची मैत्रीण डोरोथी फ्रीमन हिने मेनच्या खडकाळ किनाऱ्यावर समुद्रात सोडला.